जळगावच्या उन्हात कृष्णधवल: रस्त्यावर काय पाहावे आणि केव्हा पाहावे

जळगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बँकेत नोकरी करतात आणि सकाळी साडेनऊपर्यंतचा वेळ व रविवार एवढेच त्यांच्या हातात असते. त्यांच्याकडे एक जुना डीएसएलआर कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिलीमीटरची झूम लेन्स आणि एक बऱ्यापैकी फोन आहे. मुंबई, बनारस, कोलकाता इथल्या रस्त्यांवरची कृष्णधवल छायाचित्रे पाहून त्यांनीही गावात भरपूर फोटो काढले, घरी येऊन त्यांतला रंग काढून टाकला आणि हाती आले ते त्यांच्याच शब्दांत ‘नुसते करडे’ फोटो. आपल्या गावात धूळ, फ्लेक्स, तारांचे जंजाळ आणि रिक्षा यांखेरीज टिपण्यासारखे काही नाही, तेव्हा रोजच्या जगण्यातले सौंदर्य शोधायचे कुठे, आणि त्यासाठी ३५ मिलीमीटरची नवी लेन्स घ्यावी काय, असे त्यांनी विचारले आहे.

गाव, करडेपणा आणि लेन्स हे तीन वेगळे प्रश्न दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी अडचण एकच आहे, असे मला वाटते. फोटो काढताना तुम्ही वस्तू निवडता, म्हणजे रिक्षा, भाजीवाली, जुना वाडा. उजेड मात्र जो पडला असेल तो चालवून घेता. रंगीत फोटोत हे काही अंशी खपते, कारण रंग वस्तूंना एकमेकींपासून वेगळे ठेवण्याचे काम परस्पर करत असतो. तो काढून घेतला की ते काम उजेडावर आणि आकारावर येऊन पडते, आणि त्यांचा विचार फोटो काढतानाच झालेला नसेल तर संगणकावर कितीही खटपट केली तरी चित्र उठत नाही. म्हणून या उत्तरात मी गावाबद्दल थोडे आणि उन्हाबद्दल बरेच लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझे पोट लग्नाच्या फोटोग्राफीवर चालते, आणि रस्त्यावरचे फोटो मी लग्नसराई नसते त्या दिवसांत, गेली बरीच वर्षे, प्रामुख्याने जळगाव, धुळे, भुसावळ आणि अमळनेर या चार गावांत काढत आलो आहे. त्यामुळे मी सांगतो ते याच पट्ट्याला लागू पडते. कोकणातल्या दमट, धूसर उजेडाला त्यातले अर्धे गैरलागू ठरेल. तुम्ही कोणत्या मोसमात बाहेर पडता, बाजारात तुम्हाला किती लोक ओळखतात, तुम्ही पुरुष आहात की स्त्री, यांवरही पुष्कळ अवलंबून असते. बाजारातल्या बायकांचे फोटो माझी पत्नी ज्या सहजतेने काढते ती सहजता मला मिळत नाही आणि मिळणारही नाही.

आता करडेपणाचे कारण पाहू. कॅमेरा किंवा संगणक रंगीत चित्राचे कृष्णधवल चित्र करतो तेव्हा नेहमीच्या पद्धतीत साधारण ५९ टक्के वजन हिरव्याला, ३० टक्के लालला आणि अवघे ११ टक्के निळ्याला दिले जाते, कारण आपल्या डोळ्याची संवेदनक्षमताही काहीशी तशीच आहे. याचा परिणाम नंदुरबारात फार स्पष्ट दिसतो. हिवाळ्यात तिथे पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि गडद हिरवे लुगडे नेसलेली एखादी मावशी मिरच्यांच्या त्या गालिच्यात बसून देठ खुडत असते. डोळ्यांना हे दृश्य इतके झगमगीत वाटते की पाहणाऱ्याचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. परंतु भडक लाल आणि गडद हिरवा यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच असल्याने रंग काढताच मिरची आणि लुगडे एकाच करड्या छटेत विरघळतात आणि मावशी पथारीत हरवून जाते. केळ्यांच्या गाडीचेही तेच होते. आपल्याकडून बाहेर जाणारा माल कच्चा, हिरवा असतो, आणि त्याच्या खाली-वर केळीचीच पाने अंथरलेली असतात. हिरव्यावर हिरवे ठेवून कृष्णधवल फोटोत काय दिसणार? सराफ बाजाराबद्दल तर बोलायलाच नको, कारण सुवर्णनगरीचे सोने कृष्णधवल फोटोत निमूटपणे चांदी होऊन बसते.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांतला तांत्रिक उपाय दुय्यम आहे. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात, काढला असेल तर त्यात रंगांची सगळी माहिती शिल्लक असते, आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंग किती उजळ वा गडद करड्यात उतरावा हे वेगवेगळे ठरवता येते. फिल्मच्या काळात लेन्सपुढे लाल किंवा पिवळी काच लावत असत, त्याचीच ही आवृत्ती आहे. लाल सरकवून वर नेला की मिरची फिकी होते, लुगडे गडदच राहते, आणि मावशी पुन्हा दिसू लागते. नारिंगी थोडा वर नेला की आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला उजाळा येतो. हे लग्नाच्या फोटोंत आम्ही रोजच करतो. निळा खाली ओढून आकाश काळेभोर करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यात आकाशात दाणे उमटतात आणि इमारतींच्या कडेने पांढरी रेघ उठते. खरा उपाय मात्र जागेवरचा आहे: मावशीच्या मागे ऊन असेल, तिच्या डोक्यावरच्या पदराची कड उजळली असेल आणि तिच्यापलीकडची पथारी सावलीत असेल, तर लुगड्याचा रंग कोणता होता याने काहीच बिघडत नाही.

त्यासाठी आपल्याकडचे ऊन समजून घेतले पाहिजे. खानदेशातले ऊन म्हटले की लोकांना पंचेचाळीस अंश आठवतात, परंतु छायाचित्रकाराला पारा किती चढला यापेक्षा सूर्य किती उंच चढला हे पाहायचे असते. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास अगदी डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायांखाली गोळा होते. याउलट डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे बारा-साडेबारालाही उभ्या माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. त्याच दिवसांत सकाळी साडेआठला ती उंचीच्या तिपटीहून थोडी जास्त लांब असते. मेअखेरीस त्याच साडेआठला ती दीडपटही भरत नाही. डिसेंबरच्या साडेआठचा उजेड हवा असेल तर मेमध्ये सात-सव्वासातलाच रस्त्यावर असावे लागते.

साडेनऊपर्यंतच मोकळीक असलेल्या माणसासाठी या हिशेबाचा अर्थ सरळ आहे. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंत तुमच्या हातात उत्तम प्रकाशाचे दोन-अडीच तास रोज येतात आणि रविवारी तर जवळपास पूर्ण दिवस. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते साडेसात एवढाच वेळ कामाचा धरावा. दुपारी रस्ते ओस पडलेले असतात, आणि जो कोणी दिसतो त्याच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या आणि नाकाचा शेंडा पांढरा झालेला असतो. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी उजेड सपाट होतो आणि करडे फोटो सर्वांत जास्त याच काळात निघतात; तेव्हा ओला डांबरी रस्ता शोधावा, कारण आकाशाचे प्रतिबिंब पडून तो पांढरा दिसतो आणि त्यावरून जाणारी माणसे, सायकली, छत्र्या आपोआप काळ्या आकृती होतात.

उन्हाळ्यातल्या दुपारचा मात्र एक अपवाद आहे आणि तो आपल्या गावांचे खास वैभव आहे. उन्हापासून बचाव म्हणून बाजारपेठेत दुकानदार या दुकानापासून त्या दुकानापर्यंत ताडपत्र्या, जुने फ्लेक्स आणि हिरवी जाळी बांधतात. वरून आग ओतत असते आणि खाली गल्लीभर गडद सावली असते, आणि ताडपत्रीला जिथे जिथे फट किंवा भोक असेल तिथून कवडसा थेट जमिनीवर उतरतो. सूर्य डोक्यावर असल्यामुळे हा कवडसा उभा पडतो आणि पाच-दहा मिनिटे जवळजवळ एका जागी राहतो. जळगावच्या दाणा बाजारात अशा एका कवडशापाशी मी पुष्कळदा उभा राहतो. हमाल डोक्यावर आणि पाठीवर पोत्याची खोळ दुमडून घेतो, वाकतो, दुसरा मागून तुरीचे पोते त्याच्या पाठीवर चढवतो, आणि पोते टेकल्याबरोबर त्यातून बारीक भुसा उडतो. सावलीत तो भुसा दिसतही नाही. हमाल दोन पावले पुढे येऊन कवडशात शिरला की खोळीची वरची कड, पोत्याला घट्ट धरलेली बोटे आणि भोवती तरंगणारा भुसा एवढेच पांढरे होते, बाकी सगळी गल्ली, दुकानांच्या पाट्या, मोटारसायकली आणि लोटगाड्या काळोखात जातात. तुम्ही धुळीची तक्रार केली आहे, परंतु कवडशाला अंग देण्याचे काम ही धूळच करत असते. फक्त ती दिसावी म्हणून उजेड तुमच्या पाठीमागून न येता समोरून किंवा बाजूने यायला हवा.

येथे कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्यात एक घोटाळा होतो तो लक्षात ठेवा. चौकटीचा बहुतेक भाग काळोखा असल्यामुळे कॅमेरा समजतो की उजेड कमी आहे, आणि तो सगळेच उजळवून टाकतो. कवडसा जळून नुसता पांढरा डाग उरतो आणि सावल्या काळ्या राहण्याऐवजी करड्या होतात. म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली ओढावे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), किंवा कवडशावरच मोजून ते हाताने पक्के करावे. आपल्याकडच्या पांढऱ्या टोपीवर हे चांगले पडताळता येते. उन्हातल्या टोपीच्या कापडाची वीण आणि घडी दिसली पाहिजे, मग तिच्याखालचा चेहरा थोडा गडद गेला तरी चालेल. वीण एकदा जळाली की डिजिटल फोटोत ती परत आणता येत नाही. फोनवर अडचण थोडी वेगळी आहे. आजकालचे फोन अनेक चित्रे एकत्र जुळवून सावल्या आपणहून उजळवतात, आणि तुमचे फोनवरचे फोटो करडे दिसण्याचे मोठे कारण माझ्या अंदाजाने हेच असावे. सेटिंगमध्ये एचडीआर बंद करण्याची सोय असेल तर ते बंद करा. नसेल तर पडद्यावर उजळ भागाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढा.

कॅमेऱ्याच्या बाकीच्या मांडणीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तुमच्या जातीच्या कॅमेऱ्यात बहुधा एपीएस-सी आकाराचा, म्हणजे ३५ मिलीमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सर असतो. त्यावर लेन्स १८ वर आणि छिद्र एफ/८ ठेवून फोकस दोन मीटरवर बांधला की साधारण एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सर्व पुरेसे स्पष्ट येते. लेन्स २४ वर नेली आणि फोकस तीन मीटरवर बांधला तर पावणेदोन मीटरपासून पंधराएक मीटरपर्यंत निश्चिंत राहता येते, आणि कडेचे चेहरे ताणलेही जात नाहीत, म्हणून मी २४ पसंत करतो. या लेन्सवर बहुधा अंतराचे आकडे नसतात. तेव्हा तीन मीटरवरच्या एखाद्या खांबावर कॅमेऱ्यालाच फोकस करू द्यावा आणि मग बटण हाताच्या फोकसवर सरकवून लेन्सच्या कड्याला पुन्हा स्पर्श करू नये. स्वच्छ उन्हात आयएसओ (म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनक्षमता) २००, एफ/८ आणि सेकंदाचा आठशेवा भाग हे आकडे डोळे मिटून चालतात. ताडपत्रीखालच्या सावलीतले तपशील हवे असतील तर आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त जावे, कारण रंगीत फोटोत घाण वाटणारे दाणे कृष्णधवल फोटोत फारसे खुपत नाहीत. रॉसोबत कृष्णधवल जेपेगही साठवण्याची सोय चालू ठेवा. मागच्या पडद्यावर चित्र रंगाविना दिसू लागले की काही दिवसांतच डोळ्याला सवय होते.

आता जागांविषयी. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो तेव्हा गावातला प्रत्येक कॅमेरा रथाच्या शिखराकडे वळलेला असतो. माझ्या मते रथाचे शिखर रंगीतच काढावे, कारण झेंडूच्या माळा आणि रोषणाई काढून घेतली तर त्यात विशेष उरत नाही. कृष्णधवल फोटो खाली चाकापाशी असतो. रथाला दिशा देण्यासाठी आणि तो रोखण्यासाठी चाकाखाली लाकडी मोगरी सरकवणारे लोक असतात; एवढे अवजड चाक अंगावर येत असताना खाली वाकून नेमक्या क्षणी मोगरी टाकायची आणि हात काढून घ्यायचा, हे पाहताना श्वास रोखला जातो. चाकाची गोलाई, वाकलेली पाठ, ताणलेले मनगट, हे सगळे आकाराचे आणि ताणाचे चित्र आहे आणि त्याला रंगाची गरज पडत नाही. तुम्ही ‘रोजच्या जगण्यातले’ सौंदर्य विचारले आहे, त्यामुळे उत्सवाचे उदाहरण येथे विसंगत वाटेल, परंतु उत्सवातही नजर कामावर आणि हातांवर ठेवली तर तीच नजर इतर दिवशी बाजारात उपयोगी पडते.

धुळ्यात आग्रा रोडलगत गल्ल्यांना नुसते क्रमांक आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे, आणि त्या बऱ्यापैकी सरळ आहेत. सरळ गल्लीचा मोठा फायदा असा की सकाळी एका बाजूची भिंत पूर्ण उन्हात आणि दुसरी पूर्ण सावलीत असते, आणि मधल्या रस्त्यावर उजेड-सावलीची रेघ हळूहळू सरकत असते. त्या रेघेवर उभे राहून जो येईल त्याची वाट पाहावी. तुम्हाला छळणाऱ्या तारा अशा वेळी भिंतीवर सावलीच्या रेघा होऊन उतरतात. आकाशात पाहिल्या तर जंजाळ, भिंतीवर पाहिल्या तर नक्षी. फ्लेक्सचे मात्र तसे होत नाही. रंग गेला तरी त्याचा पांढरा भाग नजर ओढतच राहतो, म्हणून एक पाऊल सरकून त्याला खांबाआड किंवा चौकटीबाहेर टाकावे. जळगावात गोलाणी मार्केटसारख्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली पाहिले तर फ्लेक्स आणि तारा हे दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात, कारण मागे फक्त जमीन उरते, आणि सकाळच्या उन्हात माणसापेक्षा त्याची सावलीच जास्त बोलकी असते.

भुसावळचे स्टेशन हा मोठा मोह आहे आणि तो योग्यच आहे, कारण मुंबई-नागपूर मार्ग तिथे साधारण पूर्व-पश्चिम जात असल्याने सकाळ-संध्याकाळ ऊन फलाटाच्या लांबीने आडवे येते आणि गाडीच्या दारात उभा असलेला प्रत्येक माणूस एका बाजूने उजळतो. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रणाला परवानगी लागते, आणि मोठा कॅमेरा पाहून सुरक्षा दलाचा जवान हटकण्याची शक्यता असते. तेव्हा वाद न घालता कॅमेरा पिशवीत ठेवावा. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत, त्यांच्या आसपास कॅमेरा बाहेरच काढू नये.

एक विषय मात्र मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सुचवतो, तो म्हणजे खापरावरचे मांडे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास किंवा लग्नघराबाहेर अंगणात चूल मांडून त्यावर मातीचे खापर पालथे घातलेले असते. बाई पुरण भरलेला गोळा थापते आणि मग पोळपाट-लाटणे बाजूला ठेवून तो दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवत नेते. तो मनगटावरून कोपरापर्यंत पसरतो आणि इतका पातळ होतो की त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. या क्षणी तुम्ही बाईच्या समोर आणि ऊन तिच्या मागे असेल तर मांड्याचा पडदा आतून उजळल्यासारखा होतो, पुरण जिथे दाट आहे तिथे गडद ढग दिसतात, जिथे विरळ आहे तिथे पांढरे. तिच्या बोटांच्या सावल्याही त्या पडद्यावर उमटतात. रंगीत फोटोत हे सगळे पिवळट दिसते आणि मागची प्लॅस्टिकची निळी बादली भाव खाऊन जाते. धुराने डोळ्यांतून पाणी येते, आणि मांडा हातावर एवढा पसरलेला जेमतेम दोन-तीन सेकंद राहतो, म्हणून आधी एक-दोन मांडे नुसते पाहावेत, तिची लय समजून घ्यावी आणि मगच कॅमेरा उचलावा. नंतर मांडा खाल्ल्याशिवाय आपल्याला कोणी उठू देत नाही, तो भाग वेगळा.

यावरून माणसांच्या परवानगीचा विषय येतो. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सर्वसाधारणपणे मनाई नाही, परंतु मनाई नसणे आणि समोरच्याला रुचणे यांत अंतर आहे. माझी पद्धत अशी आहे की काम चालू असताना फोटो काढावा, लपवू नये, आणि नजरानजर झाली की कॅमेरा खाली करून बोलावे. अमळनेरच्या बाजारात एका आबांनी मला चक्क विचारले होते, “काबरं फोटू काढी ऱ्हायना रे भाऊ?” मी त्यांना पडद्यावरचा फोटो दाखवला आणि तुमच्या टोपीवर ऊन कसे पडले आहे ते पाहा, म्हणून सांगितले. त्यांनी निरखून पाहिले आणि मग स्वतःच सरकून पुन्हा त्या उन्हात बसले, जे मला अर्थातच नको होते, पण तोही फोटो मी काढला. काबरं या प्रश्नाला खरे आणि साधे उत्तर तयार असावे. कोणी नको म्हटले तर फोटो पुसून दाखवावा. झोपलेले मजूर, भीक मागणारी माणसे, दवाखान्याच्या दारातली रडणारी कुटुंबे यांचे फोटो मी काढत नाही. कृष्णधवल फोटोत गरिबी फार लवकर देखणी दिसू लागते, आणि ते सौंदर्य त्या माणसाच्या काही उपयोगाचे नसते. या बाबतीत मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे, पण माझे मत पक्के आहे.

कृष्णधवलच का, या शंकेलाही उत्तर दिले पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नात ती दडलेली आहे. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी भारत रंगातच पाहिला पाहिजे अशी ठाम भूमिका घेतली आणि आपले नाव रंगीत छायाचित्रांवरच केले, आणि नंदुरबारच्या मिरचीपुढे उभे राहिल्यावर त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमत नाही. त्यामुळे ज्या दृश्यात रंग हाच विषय आहे तिथे रंगीतच काढावे. दुसऱ्या टोकाला आपल्याच चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) आहेत. स्टेशनजवळच्या आपल्या घरात त्यांनी स्वतःला कित्येक दशके जवळजवळ कोंडून घेतले आणि टेबलावर घरातल्याच साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खी दृश्ये उभी करणारी छायाचित्रे काढली. ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे आणि जळगावहून रविवारी सहज जाऊन येता येते. रस्त्यावरच्या छायाचित्रणाशी त्यांचा संबंध उलटा आहे, कारण टेबलावर उजेड हलवता येतो आणि रस्त्यावर आपल्याला हलावे लागते; परंतु एखाद्या साध्या वस्तूवर उजेड कोणत्या बाजूने पडला की ती वेगळीच दिसू लागते, हे जितके स्पष्ट तिथे कळते तितके बाजाराच्या गर्दीत कळत नाही. तिथून परतल्यावर घरी खिडकीपाशी एक वांगे ठेवून दिवसभर दर तासाला त्याचा फोटो काढून पाहा. भरताचे मोठे हिरवे वांगे घेतले तर उत्तम, कारण त्याच्या गुळगुळीत सालीवर खिडकीचा चौकोन सरकताना दिसतो.

काढलेले फोटो लगेच निवडू नका. त्या दिवशीची धावपळ आणि गप्पा मनात ताज्या असतात आणि त्यांचा गोडवा फोटोला चिकटतो. दोन-तीन आठवड्यांनी पाहिले की फोटोत जे नाही ते दिसेनासे होते. निवडताना चित्र पडद्यावर आगपेटीएवढे लहान करून पाहावे. एवढ्या आकारातही काळ्या-पांढऱ्याची मांडणी ओळखू येत असेल तर तो फोटो टिकतो. छापायला देताना एक काळजी घ्या: आपल्याकडच्या बहुतेक लॅब कृष्णधवल फोटोही रंगीत कागदावरच छापतात आणि त्यात हिरवट किंवा जांभळट झाक येते. आधी एकच प्रत काढून घ्यावी, ती उन्हात नेऊन पाहावी आणि झाक असेल तर लॅबवाल्यांना दाखवून दुरुस्त करून घ्यावी.

राहता राहिली लेन्स. ज्या छायाचित्रकारांच्या ३५ मिलीमीटरबद्दल तुम्ही वाचले असेल, ते आकडे मोठ्या सेन्सरचे किंवा ३५ मिलीमीटर फिल्मच्या चौकटीचे असतात. तुमच्या कॅमेऱ्यावर ३५ ची लेन्स लावली तर ती साधारण ५२ सारखी, म्हणजे बरीच अरुंद दिसेल, आणि गल्लीत दोन माणसे चौकटीत घ्यायची तर तुम्हाला भिंतीला पाठ लावावी लागेल. ती प्रसिद्ध ३५ ची नजर तुमच्या १८-५५ मध्ये २४ च्या आकड्यावर आधीपासूनच आहे. त्या जागी लेन्सला चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका म्हणजे हात फिरवण्याची सवय मोडेल. जास्त उजेड आत घेणारी एफ/१.८ ची ३५ घेण्यासारखी होईल ती दिवेलागणीनंतर सराफ बाजारात फिरू लागाल तेव्हा, काउंटरच्या दिव्यांचा उजेड खालून सराफाच्या चेहऱ्यावर पडतो त्यासाठी. तोवर ते पैसे छापील प्रतींना ठेवा आणि येत्या मोसमात दाणा बाजार किंवा फुले मार्केट यांपैकी एकच जागा धरून तिथले ऊन कुठून कुठे सरकते ते वहीत वेळेसह लिहून ठेवा.